तुळईचं टोक

माझी मुलगी पाचवीत आहे, गावातल्याच सरकारी मराठी शाळेत. जून 2025 संपत आला होता, रात्री जेवताना ती सहज बोलून गेली, "पप्पा, बाईंनी आमचा बेंच भिंतीकडनं दाराकडं घेतला, वरनं माती पडायलीय म्हणून." बायकोनं विचारलं कधीपासून, तर म्हणाली शाळा सुरू झाल्यापासून रोजच, सकाळी पहिलं काम म्हणजे बेंच पुसायचं. आणि परत भात कालवायला लागली. माझा घास तसाच हातात राहिला.

मी बेळगावात उद्यमबागेत एका फौंड्रीत फायनल इन्स्पेक्शनला आहे, 14 वर्षं झाली. तयार कास्टिंगवर हातोडीनं हलकं ठोकून आवाज ऐकायचा हे माझं रोजचं काम. माल चांगला असला की टणकन आवाज येतो, आत तडा किंवा पोकळी असली की बद्द येतो, बाहेरनं कितीही गुळगुळीत दिसू दे. त्या आठवड्यात सेकंड शिफ्ट होती म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी हातोडी आणि एक लांब स्क्रू ड्रायव्हर पिशवीत घालून शाळेत गेलो. शिडी शेजारच्या काकांची.

शाळेच्या चार खोल्या. दोन नव्या, स्लॅबच्या. दोन जुन्या, दगड-मातीच्या भिंती आणि वर मंगलोरी कौलं. 2019 च्या ऑगस्टात आमच्या जिल्ह्यात पुरानं जो हाहाकार केला तेव्हा नदी काही शाळेपर्यंत आली नव्हती, पण जुन्या खोल्यांच्या मागच्या भिंती आठ-दहा दिवस भिजत उभ्या होत्या. नंतर वरनं चुना मारला, भिंती परत पांढऱ्या झाल्या. तो चुना मारायला मीपण होतो, श्रमदानाला. त्या दिवशी वर बघायचं मलाही सुचलं नव्हतं, ते आता टोचतंय.

शिडीवर चढून एकेक तुळई ठोकत गेलो. पहिल्या तिन्ही बऱ्या होत्या. चौथी, मागच्या बाजूची, मधोमध ठोकली तर आवाज चांगला, भिंतीकडं सरकत गेलो तसा आवाज बसत गेला आणि जिथं टोक भिंतीत शिरतं तिथं नुसता बद्द. स्क्रू ड्रायव्हर लावला, जोर काहीच केला नाही, चार बोटं आत गेला. बाहेर काढला तर ओला भुसा आणि पांढऱ्या वाळव्या. ज्यांच्या घरावर कौलं आहेत त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांना सांगतो, तुळई मधे कुजली तर वाकते, आपल्याला कळतं. भिंतीतलं टोक कुजलं तर काहीच दिसत नाही, आणि एक दिवस ती टोकावरनं सुटते, सगळी पाखाडी घेऊन खाली येते. आणि त्या खाली 19 मुलं बसायची, चौथी आणि पाचवी मिळून.

हेडबाईंना बोलवून दाखवलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "दादा, मला माहीत नाही असं नाही. मी करू काय ते सांगा." 64 पट आहे आमचा. 31 ते 100 पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षामधनं वर्षाला 25 हजार येतात, त्यातनंच खडू, संडासाची सफाई, नळाची दुरुस्ती, सगळं. त्यात तुळई कुठनं बसणार. बाईंचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्या तीन वर्षांपूर्वी आल्यात आणि त्यांच्याकडं रोज भरायचे ऑनलाईन फॉर्मच एवढे असतात की शिकवायला वेळ काढतात कसा याचंच नवल वाटतं.

पण एक गोष्ट त्या दिवशी कळली ती सांगायलाच पाहिजे. देशातल्या प्रत्येक शाळेला एक युडायस नंबर असतो, 11 आकडी, कर्नाटकातल्या शाळांचा 29 नं सुरू होतो. दरवर्षी शाळेची सगळी माहिती त्यात भरायची, मुलं किती, शिक्षक किती, खोल्या किती, आणि त्या खोल्या कशा आहेत, चांगल्या, किरकोळ दुरुस्ती लागणाऱ्या, की मोठी दुरुस्ती लागणाऱ्या. ही माहिती कुणालाही नेटवर बघता येते. मी तिथंच मोबाईलवर आमच्या शाळेचं कार्ड काढलं. दोन चांगल्या, दोन किरकोळ दुरुस्ती. मागचं वर्ष बघितलं, तेच. त्याच्या मागचं, तेच. बाई म्हणाल्या, मी आले तेव्हापासून तसंच आहे, मोठी दुरुस्ती लिहिलं की वरनं फोन येतो, इंजिनिअरचा रिपोर्ट कुठाय म्हणून विचारतात, आणि इंजिनिअर काय माझ्या बोलावण्यानं येत नाही. म्हणजे बेंगळूरला किंवा दिल्लीला बसून कुणी आमच्या शाळेची काळजी करायची ठरवली तरी त्याला दिसणार काय, तर किरकोळ. कौल सरकलंय, फरशी फुटलीय, एवढंच.

आता तुम्ही म्हणाल तपासणीला कोण येत नाही का. येतात की. क्लस्टरचे सीआरपी येतात, म्हणजे आसपासच्या शाळांवर फिरणारी शिक्षण खात्याची माणसं, अक्षरदासोहचा म्हणजे दुपारच्या जेवणाचा तांदूळ मोजतात, दुधाची पावडर, अंडी-केळ्यांचा हिशेब, हजेरी, नलिकलीची म्हणजे लहान वर्गांच्या खेळत शिकण्याची कार्डं, सगळं बघतात आणि नीट बघतात. पण ज्या खोलीत उभं राहून ते हजेरी तपासतात तिचं छत बघायचा रकाना त्यांच्या फॉर्मात नाही. त्यांना मी हे नंतर तोंडावर बोललो, त्यांनी मान्य केलं.

पहिला अर्ज मी मराठीत लिहिला, दीड पान, भावना भरपूर. तालुक्याच्या शिक्षण ऑफिसात घेऊन गेलो तर टपालाच्या टेबलावरच्या माणसानं वरनं खाली नजर फिरवली आणि म्हणाला, कन्नडदल्ली कोडी. कन्नडमधे द्या. उर्मटपणानं नाही, साध्या आवाजात. मी म्हटलं इथं इतकी मराठी माणसं राहतात, मराठीत घ्यायला पाहिजे, तर म्हणाला ठेवून जा. शिक्का नाही, नंबर नाही. दोन आठवड्यांनी गेलो तेव्हा तो कागद कुणालाच सापडला नाही. साहेब मीटिंगला गेलेत, नाळे बन्नी. उद्या या. हे नाळे बन्नी आमच्या भागात मराठी काय, कन्नड काय, सगळ्यांनीच इतक्या वेळा ऐकलंय की ऐकलं की पाय आपोआप बसस्टँडकडं वळतात. मीपण वळलो.

मग 25 जुलैला राजस्थानातली बातमी आली. झालावाड जिल्ह्यातलं पिपलोदी गाव, सरकारी शाळेचं छत कोसळलं, 7 मुलं गेली. वरनं खडे पडतायत असं मुलांनी आधी सांगितलं होतं असंही बातम्यांत आलं. मी शिफ्टवर होतो, जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर वाचलं. वरनं माती पडायलीय, माझ्या पोरीनं हेच सांगितलं होतं. उरलेली शिफ्ट कशी काढली आठवत नाही, दोन पीस तपासल्याचा शिक्का न मारताच पुढं गेले, सुपरवायझरनं परत आणून दिले.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक मित्र आहे, बैलहोंगलकडचा, घरात पूर्ण कन्नड. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला चल लिहूया, आत्ता. त्यानं माझं दीड पान ऐकून घेतलं आणि म्हणाला, यातलं अर्धं काढून टाक, काय पाहिजे तेवढं लिही. कुठली खोली, कुठली तुळई, कुणी बघायचं, कधीपर्यंत. कन्नडमधे शाळेच्या खोलीला कोठडी म्हणतात आणि मोडकळीला आलेल्याला शिथिल. तो लिहीत होता तेव्हा हे दोन शब्द मी परत परत म्हणून पाठ केले, कारण पुढं प्रत्येक टेबलावर तेच दोन शब्द लागणार होते. शिथिल कोठडी. या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. त्याची स्वतःची मुलं कन्नड शाळेत आहेत आणि त्याच महिन्यात त्यानं त्यांच्या शाळेची तुळईपण ठोकून बघितली.

अर्ज माझ्या एकट्याच्या नावानं न देता एसडीएमसीच्या ठरावासोबत द्यायचा असं ठरलं. कर्नाटकात 2001 पासून शाळेला पालकांची ही समिती आहे आणि 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं तर तिला बळच दिलंय, तीन चतुर्थांश पालक, निम्म्या बायका, आणि शाळेच्या कामावर देखरेख करायचा अधिकार. मी सदस्य होतो, पण खरं सांगायचं तर 15 ऑगस्टच्या खाऊपलीकडं आमची बैठक कधी गेली नव्हती. बैठक बोलावली आणि तिथं जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. लोक घाबरले. तुळईला नव्हे, अर्जाला. एक आजोबा उठले, "मी पाच वर्षांमागंच सांगितलोय, पण लिहून देऊ नका. खोली धोक्याची म्हणून लिहून दिलात की पट कमी आहे म्हणून शाळाच उठवतील, पोरं शेजारच्या गावाला पाठवा म्हणतील." दुसरा म्हणाला मराठी शाळा आहे म्हणूनच कोण बघत नाही, कन्नड असती तर कधीच बांधली असती.

ही भीती खोटी नाही, मी ती हसण्यावारी नेणार नाही. सीमाभागात मराठी शाळा म्हणजे नुसती शाळा नसते, गावाचा जीव त्यात अडकलेला असतो, पट एकानं कमी झाला तरी घरात चर्चा होते. पण त्याच आठवड्यात मी दोन किलोमीटरवरच्या कन्नड शाळेत जाऊन आलो होतो आणि तिथलीही एक खोली तशीच, तीच कौलं, तीच भिजलेली भिंत, त्यांचीही किरकोळ दुरुस्ती. हे मी बैठकीत सांगितलं. तरी कुणाला पटेना. शेवटी आमच्या गल्लीतल्या एक वैनी उठल्या, पदर खोचून, त्यांचा मुलगा चौथीत. म्हणाल्या, "शाळा राहिली आणि पोरगं गेलं तर मी त्या शाळेचं काय करू?" पुढचं पाच मिनिटं कोण बोललं नाही. ठराव झाला, सह्या झाल्या, तीन अंगठे.

त्याच बैठकीत दुसरा ठराव केला की उद्यापासून त्या खोलीत एकही मूल बसणार नाही, वरची परवानगी येऊ दे न येऊ दे. बाईंना भीती होती की विनापरवाना वर्ग हलवला म्हणून नोटीस येईल, म्हणून ठरावात स्पष्ट लिहिलं की हा समितीचा निर्णय आहे. चौथी-पाचवी देवळाशेजारच्या समाजमंदिरात गेली. पहिली ते तिसरी तशीही नलिकलीत एकत्र बसतात, ती नव्या खोलीत राहिली.

यावेळी टपालाच्या टेबलावर दोन प्रती नेल्या, एक त्यांना, एकीवर शिक्का मारून स्वीकृती घ्यायची. त्यानं शिक्का मारेपर्यंत मी हललो नाही. नंबर पडला. आणि खाली लिहिलं होतं, प्रत बेंगळूरच्या बालहक्क आयोगाला, कारण शिक्षण हक्क कायद्यात मुलांच्या या हक्कावर लक्ष ठेवायचं काम त्या आयोगाकडं दिलंय. रजिस्टर पोस्टानं खरोखर पाठवली. तामिळनाडूत कुंभकोणमला 16 जुलै 2004 ला शाळेला आग लागून 90 हून जास्त मुलं गेली होती, त्यावरनं 2009 मधे सुप्रीम कोर्टानं सांगितलं की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतोच, ते एक वाक्यपण अर्जात घातलं. माझ्या मते ऑफिस हललं ते या तीन गोष्टींनी, नंबर, प्रत आणि कोर्टाचं वाक्य. तुळईच्या फोटोनं नाही, फोटो तर पहिल्या अर्जालाही होता.

हललं म्हणजे काय, तर शिक्षण ऑफिसानं जिल्हा पंचायतीच्या इंजिनिअरिंग विभागाला पत्र लिहिलं, शाळा तपासून अहवाल द्या. तिथं ते पत्र थांबलं. मी माहिती अधिकार लावला. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, एकच विषय, आणि आमच्या कर्नाटकच्या नियमात अर्ज 150 शब्दांच्या आत पाहिजे. मित्र बोट ठेवून शब्द मोजत होता, 163 झाले, 13 काढायला आम्हाला चहाची पूर्ण सुट्टी लागली. विचारलं एवढंच, या दोन खोल्या इंजिनिअरनं शेवटच्या कधी तपासल्या, कुणी सही केली. सप्टेंबरात उत्तर आलं, कार्यालयात अशी नोंद उपलब्ध नाही. तो कागद मी अजून जपून ठेवलाय. इतक्या वर्षांत किती पोरं त्या खोलीतनं शिकून गेली, मी स्वतः त्याच खोलीत पाढे म्हटले, आणि एकदाही, एकदाही कुणी तपासल्याची नोंद नाही.

मग दसऱ्याची सुट्टी आणि सोबत जातिगणतीचा सर्व्हे आला, शिक्षक घरोघरी फिरत होते, शाळा 18 ऑक्टोबरपर्यंत बंद. ऑफिसात कुणाला विचारावं तर सर्व्हे. त्या काळात मी 1902 ला फोन केला, सरकारची तक्रार लाईन आहे, तिथं नंबर मिळतो आणि तक्रार त्या-त्या खात्याकडं जाते. दोनदा "निकाली काढली" असा मेसेज आला, दोन्ही वेळा परत उघडली.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ज्युनिअर इंजिनिअर आले, मोटरसायकलवर, तरुण पोरगा, तीन गावं करून आलेला, तीन अजून करायची होती. दारातनं वर बघितलं आणि वहीत काहीतरी लिहायला लागले. मी हात जोडून म्हटलं साहेब, एकदा शिडीवर चढा. ते माझ्याकडं बघत राहिले. मग चढले. मी हातोडी दिली, मधे ठोका म्हटलं, मग टोकाला ठोका. ठोकलं. परत मधे, परत टोकाला. स्क्रू ड्रायव्हर त्यांनी स्वतः मागून घेतला आणि तो आत जात गेला तसा त्यांचा चेहरा बदलत गेला. खाली उतरून शर्टवरचा भुसा झटकला आणि हेडबाईंना म्हणाले, इदन्न बळसबारदु. ही वापरायची नाही. मी सांगितलं जुलैपासून बंद ठेवलीय, तर त्यांनी माझा हात हातात घेतला. दुसऱ्या जुन्या खोलीच्या पण दोन तुळया गेलेल्या निघाल्या, ती मी ठोकलीच नव्हती. तिथं सहावी-सातवी बसत होती. त्या दिवसापर्यंत. माझ्या मुलीची खोली बघितली आणि शेजारची बघितली नाही, हे मला मी अजून माफ केलेलं नाही.

त्यांचा अहवाल पंधरा दिवसांत आला, दोन्ही खोल्या शिथिल, वापरास अयोग्य, पाडून टाकाव्यात. त्या माणसानं जसं बघितलं तसं लिहिलं.

डिसेंबरात सुवर्णसौधात विधिमंडळाचं अधिवेशन, म्हणजे बेळगावातला अख्खा अधिकारी वर्ग बंदोबस्तात आणि प्रोटोकॉलमधे, पाडायच्या परवानगीची फाईल जिल्ह्याला जाऊन बसली. पण त्याच महिन्यात आमच्या पंचायतीत मक्कळ ग्रामसभा झाली. मुलांची ग्रामसभा. कर्नाटकातली ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, वर्षातनं एकदा मुलांनी प्रश्न विचारायचे आणि पंचायतीनं नोंद करून उत्तर द्यायचं. आमच्या सातवीतल्या एका मुलीनं माईक हातात घेतला, हात थरथरत होता, चिठ्ठीवर कन्नडमधे लिहून आणलेलं वाचलं, आमच्या चार वर्गांना खोली नाही, समाजमंदिरात लाईट नाही, लग्न असलं की आम्हाला सुट्टी देतात, आम्ही कुठं बसायचं. पीडीओंनी, म्हणजे पंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांनी, तिथल्या तिथं वायरमनला फोन लावला. दोन ट्यूब आणि एक फॅन त्या आठवड्यात बसला, आणि शाळा असेल त्या दिवशी समाजमंदिर लग्नाला द्यायचं नाही असा निर्णय नोंदवला गेला.

परवानगी जानेवारीच्या शेवटी आली. कौलं आम्ही पालकांनीच उतरवली, 40-45 जण होतो, बायकांनी साखळी करून हातोहात कौलं खाली दिली. चौथी तुळई काढायला दोघं वर गेले, दोर बांधायच्या आधीच तिचं भिंतीतलं टोक हातात आलं. मी ते तोडून घरी आणलंय, वीतभर आहे, परड्यात ठेवलंय.

शाळेच्या नोंदीत बाईंनी दोन्ही खोल्यांचं खरं काय ते भरलं, माझ्यासमोर, आणि सीआरपींनी तपासून पुढं पाठवलं. नव्या खोल्यांचं एस्टिमेट झालंय, मंजुरी अजून नाही. पुढचा पाऊस येईपर्यंत पाया तरी निघावा एवढीच धडपड आहे, समाजमंदिराच्या पत्र्याखाली जोराचा पाऊस आला की बाईंचा आवाज मुलांना ऐकू येत नाही. सोमवारी रजा टाकलीय. मित्रानं नवीन अर्ज कन्नडमधे लिहून दिलाय, दोन प्रती, वर जुना नंबर घातलाय, आणि सोबत त्या कन्नड शाळेचापण अर्ज आहे, त्यांचे एसडीएमसीवाले बरोबर येतायत.